क्रम लागला म्हणजे सगळं गोठलं?

पांढुर्णा-सौसर पट्टा भूशास्त्रात मँगनीजसाठी ओळखला जातो. लुईस फर्मर यांचा भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा मोठा ग्रंथ 1909 साली आला. इथल्या खडकांच्या समूहाला सौसरचं नाव मिळालं आणि सीतापारच्या एका खनिजाला फर्मर यांनी ‘सीतापाराइट’ म्हटलं. (ते बिक्सबाइटच असल्याचं पुढे ठरलं आणि गावाचं नाव मागे पडलं.) लोहचुंबकाला चिकटत नाही तो दगड चुंबकीय नाही, हा समज मँगनीजच्या बाबतीत सपशेल चुकतो. बिक्सबाइटचा मुख्य घटक असलेलं मँगनीजचं ऑक्साइड शुद्ध रूपात साधारण 80 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 193 अंश सेल्सियसपर्यंत थंड केलं, की त्यातल्या अणूंचे स्पिन, म्हणजे जणू त्यांची सूक्ष्म चुंबकं, ठरावीक रचनेत लागतात. मात्र ते एकमेकांना रद्द करणारे असल्याने बेरीज शून्य होते आणि बाहेरून काही जाणवत नाही. असा छुपा क्रम शल आणि स्मार्ट यांनी 1949 मध्ये थेट दाखवला, तोही मँगनीजच्याच एका ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडून. न्यूट्रॉन स्वतःच सूक्ष्म चुंबक असल्यामुळे त्याला आतली मांडणी कळते. ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतले न्यूट्रॉनही याच कामी येतात.

दुसरा गैरसमज अभ्यासकांमध्येही बराच काळ टिकला: एकदा क्रम लागला की पदार्थात उरतात त्या फक्त स्पिनलहरी, म्हणजे अखंड, 1 एवढा स्पिन वाहणाऱ्या हालचाली. त्रिकोणी जाळीत हे डळमळतं. तिथे प्रत्येक स्पिनला शेजाऱ्याच्या उलट राहायचं असतं, पण तिघांना ते एकदम जमत नाही. शेवटी 120 अंशांची तडजोड होते. म्हणजे क्रम लागतो, पण स्पिन 1/2 असेल तर गणितानुसार या क्रमात संपूर्ण चुंबकी आघूर्णाचा जेमतेम 41 टक्के वाटा दिसतो. बाकीचा क्वांटम चढउतारांत जातो. मँगनीजचा स्पिन मोठा, 2 किंवा 5/2, त्यामुळे त्याच्यात ही चंचलता फार कमी. त्यासाठी तांबं किंवा कोबाल्टची संयुगं बघावी लागतात.

अशा चंचल पदार्थांत 1 ऐवजी अपूर्णांकी स्पिन वाहणाऱ्या हालचालीही संभवतात. ‘अपूर्णांकी’ म्हटलं की इलेक्ट्रॉनचे तुकडे झाले असं वाटतं. तसं काही होत नाही. वाटणी होते ती सामूहिक हालचालीची. वर-खाली-वर-खाली अशी स्पिनची साखळी घ्या आणि त्यातला एक उलटवा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चुकीचा जोड तयार होतो, आणि हे दोन जोड वेगवेगळ्या दिशांना सरकू शकतात. बदल 1 चा होता, प्रत्येकाच्या वाट्याला 1/2 आला. यांनाच स्पिनॉन म्हणतात. आता अशा अनेक साखळ्या शेजारी ठेवून पक्का क्रम लावला, तर स्पिनॉन जितके लांब जातील तितका मधला पट्टा शेजारच्या साखळ्यांशी विसंगत होतो, ऊर्जेची किंमत वाढते आणि दोघे जखडले जातात. माझ्या मते क्रमाचं खरं काम एवढंच: तो अर्ध्यांना नष्ट करत नाही, बांधून ठेवतो. पोटॅशियम-तांबे फ्लोराइड 39 केल्विनखाली क्रमबद्ध होतं आणि कमी ऊर्जेला नेहमीच्या स्पिनलहरी दाखवतं. जास्त ऊर्जेला मात्र न्यूट्रॉनना स्पिनॉन जोड्यांचा पसरट पट्टा दिसतो. कोबाल्ट नायोबेटमध्ये तर 2010 साली जखडलेल्या जोड्यांची ऊर्जापातळ्यांची शिडीच मोजली गेली. तिथल्या जोडांचं गणित जरा वेगळं आहे, पण बांधून ठेवण्याची तऱ्हा हीच.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. 120 अंशांसारख्या वाकड्या क्रमात स्पिनलहरी एकमेकींशी जोरात झगडतात आणि फुटून दोन-दोन होतात. त्यातूनही पसरट पट्टा उमटू शकतो. म्हणून पट्टा दिसला की अपूर्णांक सापडला, हा तिसरा गैरसमज, आणि उत्साहाच्या भरात तो शोधनिबंधांतही डोकावतो. 3.8 केल्विनखाली क्रम लागणारं बेरियम-कोबाल्ट अँटिमोनेट आणि 7 केल्विनच्या सुमारास क्रम लागणारं रुथेनियम क्लोराइड, दोन्हींचे पट्टे साध्या स्पिनलहरींच्या हिशेबात बसत नाहीत. पण दोन्हींवर हा वाद झाला आहे. पट्ट्याची नुसती रुंदी त्यात उपयोगी नाही. त्याची खालची कड संवेगानुसार कुठे वळते, क्रम वितळल्यावर वरचा भाग तसाच राहतो का, आणि चुंबकी क्षेत्र वाढवल्यावर तो धारदार लहरींत कसा बदलतो, हे तिन्ही मोजून स्पिनॉनच्या आणि फुटणाऱ्या स्पिनलहरींच्या, अशा दोन्ही गणितांशी ताडून बघावं लागतं.