राजवाडा आहे, पण राज्य कुणाचं? | एपिसोडचं लेखी रूप

बसमध्ये असाल तर इयरफोन नीट लावा, कारण आज आधी माझीच एक चूक सांगणार आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या जुन्या घरात पाणी शिरलं. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. चर्चमधल्या एका कुटुंबाने आम्हाला त्यांची पुढची खोली दिली. त्या दिवसांत आईबरोबर रोज रात्री प्रार्थना व्हायची, कारण दुसरं काही हातात नव्हतंच.

पुढे नोकरी लागली. विश्रामबागच्या बाजूला वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा कृष्णा चढली, आणि ओळखीच्या एकाने फोन केला, "चार दिवस राहू का रे?" मी म्हणालो, "अरे, घरून काम चालू आहे, मीटिंगा असतात." फोन ठेवला. हॉलमध्ये भिंतीवर ख्रिस्ताचं चित्र होतं, त्याखाली लिहिलेलं: ख्रिस्त या घराचा राजा.

आता मुद्दा समजून घेऊ. शुभवर्तमानात येशू सारखा 'देवाच्या राज्या'बद्दल बोलतो. मूळ ग्रीक शब्द आहे 'बासिलेया'. त्याचा अर्थ फक्त प्रदेश असा नाही, तर राज्य करणं, सत्ता चालवणं असाही आहे. म्हणजे प्रश्न "देवाचं राज्य कुठे आहे?" एवढाच नाही. "इथे हुकूम कुणाचा चालतो?" हाही आहे.

सांगलीकरांना हे पटकन कळेल. पटवर्धनांचं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. राजवाडा चौक हे नाव अजून आहे, सत्ता मात्र गेली. माझ्या घरात ख्रिस्ताचं तेच झालं होतं. नाव भिंतीवर, हुकूम माझ्या सोयीचा.

आता शेजारच्या साताऱ्यात चला. रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपले कवी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे अनेक वर्षं मिशनचं काम केलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. छत्रपतींच्या गादीच्या गावात 'दरबार' हा शब्द! ऐकणाऱ्याला लगेच कळणार की दरबार म्हटलं की राजा आला, आणि राजा आला की त्याचं ऐकणं आलं. टिळक १९१९ मध्ये वारले, म्हणजे दरबाराला त्यांची जेमतेम दोन वर्षं मिळाली.

मग आपणही पगार सोडायचा का? नाही हो. ईएमआय कोण भरणार! पगार, फ्लॅट, एसी हे पाप नाही. पण अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना सावध करतो ते ऐका. तो भुकेच्या दिवसांबद्दल घाबरवत नाही. पोट भरेल, चांगली घरं होतील, तेव्हा देवाला विसरू नका, हे सगळं माझ्याच हाताने मिळवलं असं म्हणू नका, असं सांगतो. अडचणीत आपण देवाला हाक मारतोच. सुखात हाक मारायची गरजच वाटत नाही, आणि आपल्याला ते कळतही नाही.

म्हणून या आठवड्यात एकच करा. घरातली एखादी वस्तू किंवा खोली बघा आणि विचारा: ही राजाने मागितली तर मी काय कारण सांगीन? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा परक्याच्या रूपातच दाराशी येतो.

त्या मित्राला मी नंतर फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे रे, झाली सोय." त्याने सोडून दिलं, पण मला ते अजून बोचतं. आता पावसाळा आला की आम्ही ती खोली रिकामी ठेवतो. आईने गाद्याही काढून ठेवल्यात.

तुमच्या घरात हुकूम कुणाचा चालतो? व्हॉइस मेसेज करून सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. प्रभू तुमच्याबरोबर असो.