भाकरी निम्मी केली, इन्शुलिन किती?

मधल्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासणारा आणि मग पोटावर किंवा मांडीवर स्वतःच इंजेक्शन घेणारा एखादा वर्गमित्र तुमच्या पाहण्यात असेल. त्याचा मधुमेह आजोबांच्या मधुमेहासारखा नव्हे. आजोबांच्या शरीरात इन्शुलिन तयार होते, पण ते पुरे पडत नाही. या मुलाच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच्याच शरीराच्या संरक्षक यंत्रणेने नष्ट केलेल्या असतात. याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. इन्शुलिन बाहेरून घेणे, हाच त्यावर उपाय.

आता घरोघरी काय घडते ते पाहा. आजोबांना डॉक्टर सांगतात, "भात-भाकरी कमी करा." त्यांची साखर उतरते. मग एखादी आत्या म्हणते, "पोरालाही तेच पथ्य द्या की!" हेतू चांगलाच असतो. पण भाकरी कमी करण्याचा निर्णय स्वयंपाकघरात होतो आणि इन्शुलिनचा आकडा मात्र कालचाच राहतो. किंवा याच्या उलट, "भाकरीच नाही तर सुई कशाला?" म्हणून इंजेक्शनच बंद होते. दोन्ही चुका जिवावर बेतू शकतात. त्या का, हे समजायला शाळेतले गणित पुरते.

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅमपेक्षा थोडी कमी साखर असते. सोयीसाठी 100 धरू. गुणाकार करून पाहा. सगळ्या रक्तात मिळून साखर येते फक्त 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! आता आपल्याकडचे जेवण घ्या. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 70 ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात आणि पोटात त्यांची साखरच होते. 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर दोन भाकऱ्यांतून 70 ग्रॅम साखर येणार. रक्तात असलेल्या साखरेच्या चौदा पट! ही सारी साखर काही तासांत रक्तातून पुढे पेशींत पोहोचवायची आणि रक्तातली पातळी मात्र फारशी हलू द्यायची नाही, हे काम इन्शुलिन करते.

सातारा-सांगलीच्या वाचकांना आवक आणि विसर्ग हे शब्द शिकवावे लागत नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. 45 फूट ही तिथली धोक्याची पातळी. त्या दिवसांत शाळकरी मुलेसुद्धा कोयनेत आवक किती आणि दरवाजांतून विसर्ग किती हे विचारीत होती. रक्तातल्या साखरेचा हिशेबही असाच आहे. जेवण ही पावसाची आवक. यकृत हा बारमाही ओढा, कारण जेवण नसतानाही ते आपल्या साठ्यातून थोडी थोडी साखर रक्तात सोडत असते. आणि इन्शुलिन उघडते ते विसर्गाचे दरवाजे.

परंतु या तुलनेत दोन ठिकाणी मोठा फरक आहे. कोयना धरणात 105 टीएमसी पाणी मावते, तेव्हा हिशेबात थोडी चूक झाली तरी धरण एका दिवसात कोरडे पडत नाही. आपल्या रक्तातला साठा चमचाभर. दुसरे असे की, धरणाचा दरवाजा चुकून जास्त उघडला तर खाली घेता येतो. एकदा टोचलेले इन्शुलिन परत काढता येत नाही. साधे इन्शुलिन अर्ध्या तासाने काम सुरू करते, दोन ते चार तासांनी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सहा ते आठ तास ते चालूच राहते.

आता आकडे मांडू. इन्शुलिन युनिटमध्ये मोजतात. हे एकक मोठे गमतीचे आहे. सुरुवातीला इन्शुलिन शुद्ध स्वरूपात मिळत नसे, तेव्हा उपाशी सशाची साखर ठरावीक पातळीपर्यंत उतरवणारी मात्रा म्हणजे एक युनिट, अशी त्याची व्याख्या होती! आज आपल्याला ठाऊक आहे की एक युनिट म्हणजे जेमतेम 0.035 मिलिग्रॅम.

समजा, एका मुलीला डॉक्टरांनी दोन आकडे काढून दिले आहेत. दर 10 ग्रॅम पिष्टमय पदार्थांना 1 युनिट, आणि 1 युनिटने साखर सुमारे 50 ने उतरते. (हे आकडे उदाहरणापुरते. ते प्रत्येकाचे वेगळे असतात, आणि एकाच मुलाचेही वयानुसार बदलतात.) तिचे रोजचे रात्रीचे जेवण दोन भाकऱ्या आणि वाटीभर भात. म्हणजे 70 अधिक 20, एकूण 90 ग्रॅम, आणि इन्शुलिन 9 युनिट. आज पथ्य सुरू झाले. भात बंद, भाकरी एकच. आवक 35 ग्रॅम, गरज साडेतीन युनिटची. पण सवयीने टोचले 9. साडेपाच युनिट जास्त गेले. साडेपाच गुणिले 50, म्हणजे 275. जेवणापूर्वी साखर 140 होती. 140 मधून 275 वजा करा.

उत्तर ऋण आले ना? कागदावर ऋण उत्तराने काही बिघडत नाही. रक्तातली साखर मात्र 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. आणखी उतरली की मेंदूला इंधन मिळेनासे होते, मूल असंबद्ध बोलू लागते, झटके येतात, शुद्ध हरपते. शिवाय मूळ जेवण रात्रीचे, म्हणजे हे सारे घरचे लोक झोपलेले असताना. म्हणूनच पिष्टमय पदार्थ कमी करायचे असतील तर जेवणाचे इन्शुलिन त्याच घासापासून कमी व्हावे लागते, आठवडाभर वाट पाहून नव्हे.

मग भाकरी शून्य केली तर इन्शुलिनही शून्य करावे काय? मुळीच नाही. दिवसभराच्या इन्शुलिनपैकी साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत भाग जेवणासाठी नसतोच. तो यकृताच्या बारमाही ओढ्यासाठी असतो. डॉक्टर त्याला बेसल म्हणतात आणि जेवणाच्या मात्रेला बोलस. बेसल इन्शुलिनचे आणखी एक काम आहे. ते शरीरातल्या चरबीच्या साठ्यावरचे झाकण असते. झाकण उडाले की चरबी भराभर वितळते, यकृत तिच्यापासून कीटोन नावाची आम्ले बनवते आणि रक्त आम्लयुक्त होते. उलट्या, पोटदुखी, खोल व जोराचा श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास ही त्याची लक्षणे. त्यातली फसवी गोष्ट अशी की पिष्टमय पदार्थ सोडलेल्या मुलात हे घडत असताना यंत्रावर साखरेचा आकडा फारसा वाढलेला दिसेलच असे नाही. तेव्हा लघवीतील किंवा रक्तातील कीटोन तपासावे लागतात.

इतिहासाने हा प्रयोग आधीच केलेला आहे. 1922 पूर्वी अन्न तोडणे हाच या रोगावरचा मुख्य उपचार होता. त्याने मुले थोडी जास्त जगत, पण हाडांचा सापळा होऊन. जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले तेव्हा त्याचे वजन 30 किलोही नव्हते. त्यानंतर तो तेरा वर्षे जगला.

ज्यांचे बेसल आणि बोलस वेगवेगळे आहे त्यांना आकडे बदलणे शक्य असते. आपल्या भागात अजूनही कित्येक जण 30/70 असे मिश्र इन्शुलिन दिवसातून दोनदा घेतात. त्यात 30 भाग लवकर काम करणारे, 70 भाग सावकाश काम करणारे. इथे अडचण पाहा. भाकरी कमी केली म्हणून मात्रा कमी केली तर बेसलही त्याच प्रमाणात कमी होणार. मात्रा तशीच ठेवली तर दुपारच्या जेवणाच्या वेळी साखर कोसळणार. एकाच नळातून गरम आणि थंड पाणी ठरलेल्या प्रमाणात येत असेल तर फक्त गरम कमी कसे करणार? माझ्या मते, मिश्र इन्शुलिन घेणाऱ्याने आहारात मोठा बदल करण्याआधी इन्शुलिनची पद्धत बदलण्याविषयीच डॉक्टरांशी बोलावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही बेसल-बोलस पद्धतीलाच पसंती आहे.

वरचा साडेतीनचा आकडाही शेवटचा नव्हे. भाकरीच्या जागी अंडी, पनीर, मटण वाढले तर प्रथिनांपासूनही थोडी साखर बनते, पण तीन-चार तासांनी आणि सावकाश. म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी उत्तम आकडा दिसतो आणि पहाटे तो चढलेला सापडतो. पथ्य सुरू झाल्यावर काही दिवसांनी बेसलची गरजही उतरू शकते. म्हणून डॉक्टर पहिले काही दिवस वारंवार, मध्यरात्रीही, साखर तपासायला सांगतात आणि त्या नोंदींवरून मात्रा थोडी थोडी बदलतात. वाढत्या वयात पिष्टमय पदार्थ अगदी तोडून टाकणारा आहार तज्ज्ञ सहसा सुचवीत नाहीत, कारण उंची व वजन वाढायला इंधन लागते. उपासाची तर वेगळीच तऱ्हा. साबुदाण्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 85 ग्रॅम पिष्ट असते, म्हणजे एकादशीला खिचडी खाणाऱ्याचे पिष्ट कमी होत नाही, वाढते!

मात्रा बदलताना सिरिंजही पाहावी. आपल्याकडे कुपीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचे असते आणि पेनमधले 100 चे. लाल टोपीची सिरिंज 40 साठी, नारिंगी 100 साठी. 100 चे इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजने घेतले तर मात्रा अडीचपट होते.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. असा विद्यार्थी वर्गात घामाघूम झाला, बावचळला, तर साखर तपासण्यात वेळ जात असेल तर थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तो पथ्यावर असला तरीही साखरच द्यायची, कारण कमी भाकरी खाणाऱ्याच्या यकृतातला साठाही बेताचाच असतो. साताऱ्याचा कंदी पेढा हाताशी असला तरी पहिली निवड तो नव्हे. त्यातल्या दुधाच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर निजवा आणि 108 ला फोन करा.