ड्रोनची शर्यत

मुलांनो, चार पंख्यांचा, रिमोटने उडणारा ड्रोन तुम्ही पाहिला असेल. मोकळ्या मैदानात ड्रोनच्या शर्यतीही होतात. ड्रोनच्या पुढच्या बाजूस छोटा कॅमेरा असतो. त्याचे चित्र खेळाडूला डोळ्यांवर बांधलेल्या बंद चष्म्यात दिसते. जणू तो ड्रोनमध्येच बसला आहे!

पण या चष्म्यात फक्त समोरचे दिसते. बाजूने धावत आलेले मूल किंवा वरून येणारे हेलिकॉप्टर दिसत नाही. शर्यतीचा ड्रोन ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ शकतो. त्याची फिरती पाती लागली तर खोल जखम होते. म्हणून खेळाडूजवळ एक साथीदार उभा राहतो आणि आकाशाकडे व मैदानाकडे लक्ष ठेवतो. त्याने थांबायला सांगताच ड्रोन उतरवावा. प्रेक्षकांनी जाळीमागेच बसावे.

भारतात 2021 साली ड्रोन नियम लागू झाले. सरकारी नकाशात आकाशाचे तीन भाग दाखवले आहेत. हिरव्या भागात साधारणपणे 120 मीटर उंचीपर्यंत उड्डाणाची वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची आणि लाल भागात केंद्र सरकारची परवानगी लागते. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून आधी नकाशा पाहावा, मगच ड्रोन उडवावा.

खेळ आपला असला, तरी आकाश सर्वांचे आहे, हे विसरू नका.