दोन टिंबं, एक बरोबरी आणि एक राजीनामा



बडोद्याहून एका ताईंनी विचारलंय: मुलगा अकरावीत आहे, सीबीएसईच्या अभ्यासक्रमात पायथन शिकतोय. बाई सांगतात, हे नाव लहान अक्षरांत लिही, ते मोठ्या. ही खूण जुनी, ती नवी. हे सगळं ठरवतं कोण? कंपनी, की सरकार?

दोन्ही नाही. आणि ते कसं ठरतं हे ऐकण्यासारखं आहे, कारण २०१८ साली अशाच एका इवल्याशा खुणेच्या वादानंतर या भाषेच्या जन्मदात्यानं गादी सोडली. मी संगणकशास्त्राचा माणूस नव्हे. आयुष्य फौजेत गेलं, निवृत्तीनंतर पायथन शिकलो, आणि शिकता शिकता तिची कागदपत्रं वाचायची सवय लागली. हुकूम पाळण्याआधी खाली सही कुणाची आहे ते बघण्याची जुनी खोड, दुसरं काय!

थोडा पूर्वेतिहास. गीडो व्हान रॉसम हे डच गृहस्थ. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित आणि संगणक संशोधन संस्थेत नोकरीला असताना १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी ही भाषा लिहायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली. नाव अजगरावरून नाही, 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या कार्यक्रमावरून. वापरणारे वाढले तशा सूचना वाढल्या, तेव्हा २००० साली एक पद्धत घातली. ज्याला बदल हवा त्यानं लेखी प्रस्ताव मांडायचा. त्याला पायथन एनहान्समेंट प्रपोजल, थोडक्यात 'पेप' म्हणतात. प्रत्येकाला क्रमांक. बदल का हवा, जुन्या कामावर काय परिणाम होईल, कोणते पर्याय विचारात घेऊन सोडून दिले, हे सगळं त्यात लिहावं लागतं. नामंजूर झालेला प्रस्तावही फेकून देत नाहीत, कारणांसकट तसाच ठेवतात. मला हा भाग फार पटतो. दहा वर्षांनी कुणी तोच प्रश्न नव्यानं घेऊन आला, तर शांतपणे क्रमांक दाखवता येतो.

आता नावांचं. ते पेप ८ मध्ये आहे, २००१ सालचं. फंक्शन आणि व्हेरिएबल यांची नावं लहान अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. क्लासच्या नावात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, मध्ये काही नाही. बदलायची नसलेली मूल्यं सगळी मोठ्या अक्षरांत. शिवाय एक बारीक सूचना: एकाक्षरी नाव म्हणून लहान एल, मोठा ओ आणि मोठा आय कधीही वापरू नका, कारण काही टायपांमध्ये ते एक आणि शून्य या आकड्यांपासून वेगळे ओळखू येत नाहीत.

हे वाचलं आणि मला वायरलेस सेट आठवला. खरखरीत बी, डी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात, म्हणून अल्फा, ब्राव्हो, चार्ली. आज जगभर चालणारी ती यादी १९५६ पासूनची. तोफखान्याच्या बोलण्यात 'रिपीट' म्हणजे 'तिथंच पुन्हा मारा करा'. म्हणून नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं, 'रिपीट' चुकूनही नाही. बाहेरच्या माणसाला हा फौजी नखरा वाटतो. ज्या गावावर गोळे पडायचे त्या गावाला वाटत नाही.

पण नियम झाला म्हणून घर आवरलं जातं असं नाही. पायथनच्या स्वतःच्या घरात 'युनिटटेस्ट' आणि 'लॉगिंग' ही दोन दालनं जावा भाषेच्या वळणावर बांधलेली. तिथं नावं पेप ८ मोडून लिहिलेली आहेत आणि आजही तशीच आहेत. बदलली तर त्यावर उभे असलेले असंख्य प्रोग्रॅम एका रात्रीत कोसळतील. 'युनिटटेस्ट'मध्ये एकाच कामाला दोन नावं होती, 'असर्टईक्वल' आणि शेवटी एस लावलेलं 'असर्टईक्वल्स'. दुसरं नको असं सांगून झालं, इशारे देऊन झाले, आणि ते प्रत्यक्षात हटलं २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत. एक एस काढायला दहा वर्षांहून जास्त! म्हणून नवीन गोष्ट आत घेताना हे लोक इतकं भांडतात. आत आलेली सहजी बाहेर जात नाही.

आता त्या खुणेकडे वळू. गणितात '=' म्हणजे समान. प्रोग्रॅममध्ये बहुधा त्याचा अर्थ 'डावीकडच्या नावात उजवीकडचं भर' असा असतो, आणि समान आहे का हे विचारायला '==' लिहितात. सी भाषेत ही भरणारी '=' प्रश्नाच्या आतही चालते, आणि तिथंच सुरुंग आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता त्यात विचारलं होतं, 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का?' शून्य क्रमांक म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. पण तिथं '==' ऐवजी '=' होती. म्हणजे प्रश्न नव्हताच, 'याला शून्य क्रमांक देऊन टाक' असा हुकूम होता. मूळ भांडाराशी प्रत जुळेना म्हणून वेळीच पकडलं. एका काडीवर अख्ख्या यंत्राच्या किल्ल्या गेल्या असत्या.

पायथननं हा धोका आधीच टाळला होता. प्रश्नाच्या आत '=' लिहिली की यंत्र सरळ नकार देतं. सुरक्षित, पण लांबण लागते. कोठीवाला आधी शिल्लक काढतो, वहीत लिहितो, मग पुढच्या ओळीत विचारतो की शिल्लक मर्यादेपेक्षा जास्त आहे का. क्रिस अँजेलिको यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये पेप ५७२ मांडला: हे दोन्ही एका दमात होऊ द्या, पण त्यासाठी वेगळी खूण ठेवा, ':='. मग असं लिहिता येईल:

इफ (उरले := एकूण - खर्च) > मर्यादा:

शिल्लक काढली, तिला 'उरले' हे नाव दिलं आणि लगेच प्रश्न विचारला. खूण आडवी पाहिली तर दोन डोळे आणि दोन सुळे, म्हणून तिला वॉलरस म्हणतात.

वाद पेटला. विरोधकांचं म्हणणं: एका कामाला एकच सरळ वाट, हा या भाषेचा बाणा. आता नाव देण्याच्या दोन वाटा झाल्या, नवशिक्यानं कुठली धरायची? ओळीत इतकं कोंबलं की वाचणारा दमणार. हा मुद्दा हलका नाही, कारण प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो आणि वर्षानुवर्षं वाचला जातो. काहींना ओळखीचा 'ॲज' शब्द हवा होता. तोही विचारात घेऊन सोडला, कारण 'विथ' बरोबर येणाऱ्या 'ॲज'चा अर्थ थोडा वेगळा आहे. एका शब्दाचे दोन अर्थ म्हणजे पुन्हा 'रिपीट'चंच प्रकरण.

माझं मत या वादात दोघांनी केलेल्या कामामुळे बनलं. टिम पीटर्स या जुन्या जाणत्यांना गजबजलेल्या ओळींचा तिटकारा. तरी ते वाद घालत बसले नाहीत. त्यांनी स्वतःचा जुना कोड काढून तपासला आणि ही खूण कुठं उपयोगी पडते, कुठं नाही, याची उदाहरणं प्रस्तावाला जोडली. गीडोंनी त्यांच्या तेव्हाच्या कंपनीचा, ड्रॉपबॉक्सचा, कोड चाळला. तिथं दिसलं की एक ओळ वाचवायला लोक तीच आकडेमोड दोनदा करून घेतात आणि प्रोग्रॅम उगाच मंदावतो. नकाशावर बोट ठेवून भांडण्यापेक्षा टेकडीवर जाऊन पाहून येणं मला केव्हाही पसंत. खूण असावी, असं माझं मत. कुलपंही नीट लावलेली आहेत: नुसती नाव द्यायची ओळ ':=' नं लिहिता येत नाही, तिथं '='च लागते.

गीडोंनी प्रस्ताव मंजूर केला. १२ जुलै २०१८ रोजी त्यांनी सहकाऱ्यांना कळवलं की एका प्रस्तावासाठी पुन्हा इतकं झगडायची आणि इतक्या लोकांचा रोष ओढवून घ्यायची आपली इच्छा नाही. तोवर त्यांना 'तहहयात दयाळू हुकूमशहा' असा थट्टेचा किताब होता आणि शेवटचा शब्द त्यांचाच असे. त्यांनी वारस नेमला नाही. लोकशाही आणा की अराजक, तुमचं तुम्ही बघा, अशा सुरात सगळं सोपवलं. फौजेत चार्ज न देता असं निघता येत नाही, पण इथं ते बरं झालं. मंडळींनी राज्यकारभाराचे सात आराखडे लिहिले, तेही पेप म्हणूनच, आणि डिसेंबरात मतदान घेतलं. पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ, त्यात एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त नाहीत, हा आराखडा जिंकला. २०१९ च्या पहिल्या मंडळावर गीडोही निवडून आले, पाचातले एक म्हणून. वॉलरस त्याच वर्षी ऑक्टोबरात ३.८ आवृत्तीत आला.

वरच्या ओळीत मी 'उरले', 'एकूण', 'खर्च' असं लिहिलं ते तुम्हाला समजावं म्हणून नाही. ती नावं पायथनला खरोखर चालतात. 'इफ' मात्र रोमन अक्षरांत लिहावं लागतं. त्यामागं पेप ३१३१ आहे, २००७ चा. इतर लिप्यांतल्या नावांना तेव्हा कडाडून विरोध झाला होता. उद्या चिनी नावांचा प्रोग्रॅम बिघडला तर दुरुस्त कोण करणार? रशियन लिपीतला 'अ' हुबेहूब रोमन दिसतो, त्याआडून फसवणूक झाली तर? दोन्ही शंका रास्त होत्या. तोडगा असा निघाला की पायथनच्या स्वतःच्या भांडारातली नावं रोमनच राहतील, बाकी तुमच्या घरात तुम्ही मुखत्यार.

ताई, मुलाला पहिले काही महिने घरच्या सरावात मराठी नावं वापरू द्या. परीक्षेत बाई सांगतील तसंच. काही अडचणी मात्र येतील. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे क्लास आणि फंक्शन यांतला पेप ८ चा फरक देवनागरीत दिसतच नाही; हाती राहतो फक्त अंडरस्कोर. आकडे इंग्रजीच लिहायचे. वापरणाऱ्यानं '४५' टाइप केलं तर त्याचा पूर्णांक करून मिळतो, पण प्रोग्रॅमच्या मजकुरात '४५' चालत नाही. आणि 'दऱ्या', 'वाऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र काही कीबोर्ड एक अदृश्य जोडचिन्ह घालून उमटवतात. पायथनला ते नावात खपत नाही, आणि डोळ्यांना न दिसणारी चूक मूल तासभर शोधत बसतं. नुक्त्याचा ऱ असलेला कीबोर्ड घ्या, त्यानं तोच शब्द बिनतक्रार चालतो.