घरांतील ड्रम, मंदध्वनि झांजा आणि शेजारधर्म

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. तंतूंचीं तीं तत, चामड्यानें मढविलेलीं तीं अवनद्ध, धातूचीं तीं घन आणि फुंकून वाजवावयाचीं तीं सुषिर. यांपैकीं अवनद्ध व घन यांची जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. वारकऱ्यांच्या दिंडींत पखवाजाबरोबर टाळ असतात. गोमंतकांतील देवालयांत आरतीच्या वेळीं घुमट व शमेळ यांच्या साथीला कांसाळें असतें. पाश्चात्य ड्रमसेट हीही अशीच जोडी होय. फरक इतकाच कीं, तेथें ती एकाच वादकाच्या दोन हातांत व दोन पायांत येऊन बसली आहे.

पूर्वीं आमच्या घरांतून मुलें पेटी किंवा तबला शिकत. आतां पुष्कळ मुलें व मुलीही ड्रम शिकूं लागल्या आहेत. यांत वाईट वाटण्यासारखें कांहींच नाहीं. लय ही कोणत्याही देशाची असो, ती अंगीं बाणण्यास सारखेच कष्ट लागतात. अडचण आहे ती जागेची. वाड्याच्या माडीवर तबला वाजला तर कोणाचें कांहीं बिघडत नसे. पण सहा मजली इमारतींतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ड्रम वाजूं लागला कीं भिंतीपलीकडील आजारी वृद्ध, दहावीच्या परीक्षेला बसलेला मुलगा आणि रात्रपाळी करून आलेली परिचारिका या सर्वांची शांति एकदम भंगते. मग एक तर शेजाऱ्यांशीं वितुष्ट येतें, नाहीं तर मुलाचा सराव बंद पडतो. आठवड्यांतून एक तास शिकवणी आणि उरलेले सहा दिवस वाद्याला स्पर्श नाहीं, अशा रीतीनें कोणतीही विद्या आलेली आम्हीं चाळीस वर्षांच्या शिक्षकी पेशांत पाहिली नाहीं.

या पेचांतून वाट काढण्यासाठीं अलीकडे जीं साधनें निघालीं आहेत, त्यांत मंदध्वनि झांजा हें एक महत्त्वाचें साधन होय. वादक लोक झांजेला सिंबल व या प्रकाराला लो-व्हॉल्यूम सिंबल म्हणतात. ड्रमच्या तोंडावरील पडदा काढून त्या जागीं बारीक जाळीचा पडदा बसवितां येतो व त्याचा आवाज पुष्कळच उतरतो. झांजेचें तसें नाहीं. तिच्यावर फडकें टाकलें किंवा रबराची चकती ठेवली, तर आवाज जातो हें खरें. पण त्याबरोबर तिचा नाद व काठीची उसळीही जाते. मग झांज वाजविणें आणि उशी बडविणें यांत अंतर राहत नाहीं.

चांगली झांज बहुधा कांशाची असते. शंभर भागांत सुमारें ८० भाग तांबें व २० भाग कथील हें तिचें नामांकित मिश्रण. याच मिश्रणाच्या जोरावर झिल्जियन हें आर्मेनियन घराणें इ. स. १६२३ पासून कॉन्स्टंटिनोपल येथें प्रसिद्धीस आलें. तुर्की भाषेंत ‘झिल’ म्हणजे झांज. तेव्हां आपल्याकडील तांबट, कासार या आडनांवांसारखेंच हें धंद्यावरून पडलेलें नांव आहे. त्यांच्या झांजा तुर्की सैन्याच्या वाद्यवृंदांत वाजत. इ. स. १९२९ मध्यें या घराण्याचा कारखाना अमेरिकेंत निघाला आणि १९८१ मध्यें त्याच घराण्यांतील एका बंधूनें कॅनडांत सेबियन ही निराळी पेढी काढली. ज्या झांजेचा आवाज रणवाद्यांत दुमदुमावा म्हणून कारागिरांनीं पिढ्यानुपिढ्या हातोडे चालविले, तिलाच भोकें पाडून तिचा आवाज बसविण्याचें काम आज त्यांचे वंशज करीत आहेत. काळाचा महिमा म्हणावयाचा, दुसरें काय !

या झांजेची युक्ति समजण्यास कठीण नाहीं. झांजेवर काठी पडली कीं पत्रा थरथरतो व आजूबाजूच्या हवेला ढकलतो. पत्र्याला सर्वत्र बारीक छिद्रें पाडलीं, म्हणजे हवा ढकलणारें क्षेत्र कमी होतें. शिवाय एका बाजूला दाबली गेलेली हवा छिद्रांतून दुसऱ्या बाजूला निसटते आणि दाब तेथल्या तेथेंच फिटतो. त्यामुळें खर्जांतील गाज विशेष कमी होते, नाद लवकर विरतो आणि वरचा किणकिणाट तेवढा शिल्लक राहतो. धातु मात्र धातूच असल्यामुळें काठीला खऱ्या झांजेची जाणीव पुष्कळ अंशानें मिळते.

आतां निवडीकडे वळूं. पहिली गोष्ट म्हणजे जाहिरातींतील टक्क्यांवर विसंबूं नये. झिल्जियन यांच्या ‘एल-८०’ या प्रकाराविषयीं आवाज ८० टक्क्यांपर्यंत कमी होतो असें सांगण्यांत येतें. म्हणजे एकपंचमांश उरला, पण कशाचा? ध्वनीचें माप डेसिबेल, आणि तें लॉगॅरिदमानें चालतें. ध्वनीची शक्ति एकपंचमांश उरली तर उतार सुमारें ७ डेसिबेलांचा पडेल. हवेवरील दाब एकपंचमांश उरला तर तो सुमारें १४ डेसिबेलांचा होईल. आणि दर १० डेसिबेलांनीं आवाज कानाला निम्मा वाटतो हा ठोकताळा धरून ‘कानाला एकपंचमांश’ असा अर्थ केला, तर तोच सुमारें २३ वर जातो. शब्द एकच, अर्थ तीन ! म्हणून दुकानांत जातांना दोघांनीं जावें. एकानें वाजवावें व दुसऱ्यानें दाराबाहेर उभें राहून ऐकावें. शेजाऱ्याचा कान हाच येथें खरा परीक्षक.

दुसरी गोष्ट काठीच्या उसळीची. छिद्रांमुळें झांज हलकी होते व आघाताखालीं अधिक डोलते. काठी जेथून नेहमींच्या झांजेवर परत उडते, तेथून ती येथेंही उडते कीं नाहीं हें मुलाच्याच हातून तपासून घ्यावें. मधल्या घुमटीवर, मधल्या पाठीवर व कांठावर असे तीन ठिकाणीं आघात करावे. तिन्हींचे स्वर वेगळे ओळखूं आले पाहिजेत. जी झांज सगळीकडे एकसारखीच खणखणते, ती ताटलीच समजावी.

तिसरी गोष्ट हाय-हॅटची, म्हणजे पायानें उघडझांप होणाऱ्या जोडीची. दोन्ही पाळ्या नीट मिटून ‘चिक्’ असा तुटक आवाज निघाला पाहिजे, कारण ताल धरण्याचें बरेंचसें काम हीच जोडी करते. पैसे बेताचे असतील तर प्रथम ही जोडी व १८ इंचांची एक मोठी झांज घ्यावी. क्रॅश नांवाची १४ किंवा १६ इंचांची झांज मागाहून घेतां येते. हाय-हॅट १३ व १४ इंचांची मिळते. नवशिक्याला नेहमींच्या सेटवर १४ इंचीच बहुधा भेटते, म्हणून तीच घ्यावी हें बरें.

चौथी गोष्ट घडणीची. छिद्रांच्या कडेवर बोट फिरवून पाहावें. खरबरीत कड काठीचें लाकूड खाते. छिद्राशीं ताण एकवटतो हा यंत्रशास्त्राचा नियम आहे, तेव्हां अशा झांजेवर घणाचे घाव घालणाऱ्या मुलानें ती लवकरच चिरेल असें समजावें. तिच्यावर मनगट सैल ठेवून वाजवावें. तो सराव पुढेंही उपयोगीच पडतो.

झांजा मंद झाल्या म्हणजे सर्व झालें असें मात्र नव्हे. आमच्या नातीचा सेट घरीं आला, तेव्हां खालच्या मजल्यावरील गृहस्थांनीं झांजांविषयीं चकार शब्द काढला नाहीं. त्यांना झोपूं देईना ती पायांतील बेस ड्रमची धपधप. ही धपधप हवेंतून न जातां फरशींतून उतरते, म्हणून दारेंखिडक्या लावून ती थांबत नाहीं. टेनिसचे जुने चेंडू दोन फळ्यांच्या मध्यें बसवून त्यावर सेट व बैठक मांडली, तेव्हां ती पुष्कळ शमली. ज्यांना याहूनही शांतता हवी, त्यांनीं कानाला हेडफोन लावून वाजवावयाचा इलेक्ट्रॉनिक सेट घ्यावा. पण त्यांतही पायाची धपधप राहतेच आणि झांजेच्या जागीं रबर येतें, हें ध्यानांत ठेवावें.

शेजाऱ्यांइतकीच काळजी मुलाच्या कानांची घेतली पाहिजे. अमेरिकेंतील कामगार-आरोग्यविषयक सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबेलांचा आवाज दिवसांतून आठ तासच सोसावा, आणि दर ३ डेसिबेलांना ही मुदत निम्मी व्हावी. या हिशेबानें १०० डेसिबेलांला केवळ पंधरा मिनिटें उरतात. नेहमींचा ड्रमसेट जोरानें वाजविला तर वादकाच्या कानाशीं इतका आवाज सहज होतो. कान एकदां गेला तर परत येत नाहीं; बाप पैसे देऊन दुसरा ड्रम आणील, दुसरा कान आणणार नाहीं.

आपल्या सरकारनें इ. स. २००० मध्यें केलेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली असून, रात्र म्हणजे दहापासून सकाळीं सहापर्यंत असें ठरविलें आहे. पण सज्जनानें नियमाच्या कांठावर उभें राहूं नये. शेजाऱ्यांकडे मुलाला स्वतः पाठवून कोणती वेळ त्यांना सोयीची आहे हें विचारावें आणि ती वेळ घड्याळाप्रमाणें पाळावी. रोज पाऊण तासाचा ठरलेला सराव लोक आनंदानें सोसतात. अवेळीं झालेलीं दहा मिनिटें सोसत नाहींत.

शेवटीं एक सूचना. मंद झांजेवर हात तयार होतो, पण आवाजाचें तारतम्य पूर्णपणें येत नाहीं. तेव्हां आठवड्यांतून एकदां तरी शिक्षकांकडील खऱ्या झांजेवर वाजवावें, म्हणजे आपला हात किती हलका वा जड पडतो तें कळेल. बाकीचे सहा दिवस घरीं छिद्रांची झांज पुरेशी आहे. मुलाची विद्या चालू राहावी व शेजारच्या वृद्धाची दुपारची झोपही मोडूं नये, हीं दोन्ही एका घरांत साधतां येतात. तीं साधण्याची जबाबदारी मात्र मुलावर टाकून चालत नाहीं, ती वडीलधाऱ्यांनींच उचलावयास हवी.