कोणते बायबल घ्यावे, आणि कसे वाचावे?



घरी वाचण्यासाठी कोणते बायबल घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता दुकानातला वाटतो. किंमत किती, अक्षर केवढे, बांधणी पक्की आहे की नाही, एवढे पाहिले म्हणजे निवड झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु थोडा विचार केला तर हा प्रश्न श्रद्धेचा आहे, भाषेचा आहे आणि घराच्या एकोप्याचाही आहे, असे दिसून येईल.

सुरतेजवळच्या इच्छापोरसारख्या ठिकाणी राहणारे एखादे मराठी कॅथलिक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आजीची प्रार्थना मराठीत, चर्चमधला मिस्सा गुजरातीत आणि नातवंडांची शाळा इंग्रजीत. बायबल घरात असते; पण बहुधा ते कपाटात असते. सणावारी त्यावरची धूळ पुसली जाते आणि ते पुन्हा जागच्या जागी जाते. ते न वाचले जाण्याचे कारण नेहमी अनास्था हेच नसते. कित्येकदा हाती आलेला अनुवाद वाचणाऱ्याच्या जिभेला परका असतो, आणि अडलेल्या ठिकाणी हात देणारे साधन जवळ नसते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिला गेला, त्यातील काही भाग अरामी भाषेत आहे, आणि नवा करार ग्रीक भाषेत आहे. म्हणजे आपण वाचतो ते प्रत्येक बायबल अनुवादच होय. मोशेच्या पंचग्रंथातील पाचव्या पुस्तकाला मराठी बायबलात 'अनुवाद' असेच नाव आहे. आपल्या जुन्या शास्त्रपरंपरेत अनुवाद म्हणजे आधी सांगितलेले पुन्हा सांगणे. त्या पुस्तकात मोशे पूर्वी दिलेले नियमशास्त्र नव्या पिढीला पुन्हा सांगतो, म्हणून ते नाव. भाषांतरकाराचे कामही याहून वेगळे नाही. एकदा सांगितलेले त्याला नव्या पिढीला, नव्या भाषेत, पुन्हा सांगावयाचे असते.

हे पुन्हा सांगणे दोन रीतींनी होते. एक भाषांतरकार मूळ शब्दांच्या मागोमाग जातो, दुसरा मूळ अर्थाच्या. पहिल्याच्या हाती मूळ ग्रंथाची ठेवण टिकते, परंतु वाक्य कधी कधी अवघडते. दुसऱ्याचे वाक्य ओघवते होते, पण अर्थ उकलून सांगताना तो आपलेही मत त्यात मिसळण्याचा संभव असतो. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात भरू नये, हा प्रभूचा दृष्टांत घ्या. तेलातुपाचा चामडी बुधला आपल्या पणजीने पाहिला होता, त्यामुळे तिला हा शब्द तत्काळ कळला असता. जुन्या इंग्रजी अनुवादात येथे बाटलीचा शब्द होता. बाटली म्हटली की आजच्या मुलाच्या मनात काच येते, आणि आंबणाऱ्या रसाने जुने, ताठरलेले चामडे फाटते हे मर्मच हरवते. 'बुधला' ठेवावा आणि खाली टीप द्यावी, की 'चामड्याची पिशवी' असे सरळ लिहावे? दोन्ही मार्ग योग्य आहेत. म्हणून शक्य असेल त्याने दोन्ही प्रकारचे अनुवाद जवळ ठेवावेत. रोजच्या वाचनाला सोपा घ्यावा, आणि अभ्यासाला शब्दनिष्ठ.

मराठीत या कामाची परंपरा जुनी आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले. ते बायबलचे भाषांतर नव्हे. बायबलातील कथा ओवीबद्ध करून सांगणारे ते पुराण आहे. तथापि पवित्र शास्त्र मराठीत शोभून दिसते, ही खात्री त्याने पटवली. बायबलाचा मराठी अनुवाद छापण्याचा आरंभ बंगालमधील श्रीरामपूर येथे झाला. विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध केलेले मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली निघाले आणि १८११ साली नवा करार आला. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने आणि बायबल सोसायटीने हे काम चालवले. आज अनेक मराठी घरांत आढळते ते सोसायटीचेच बायबल.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर मुद्दाम सांगण्याजोगे आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या विदुषीला 'सरस्वती' ही पदवी दिली, तिने हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि तेही संस्कृतप्रचुर भाषेत नव्हे, तर केडगावच्या मुक्तिसदनातील साध्या बायकांना समजेल अशा मराठीत. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले, आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार लाभला. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाच्याही हाती निःसंकोच द्यावा असा हा ग्रंथ आहे.

सुरतेत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट अभिमानाने जाणावी. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी हे मिशनरी १८१५ साली सुरतेत आले, आणि त्यांनी याच शहरात बायबल गुजरातीत उतरवले. विसाव्या शतकात फादर इसुदास क्वेली यांच्यासह नगीनदास पारेख या नामांकित गुजराती समीक्षकाने कॅथलिक वाचकांसाठी अनुवाद केला. ज्या मुलांना मराठीपेक्षा गुजराती अधिक सुलभ वाटते, त्यांच्या हाती असा अनुवाद देण्यात मराठीचा काही अपमान नाही. आजीने मराठीत ऐकावे, नातवाने तोच उतारा गुजरातीत वाचावा आणि दोघांनी शब्द ताडून पाहावेत, यासारखा दुसरा अभ्यास नाही.

आता कॅथलिक वाचकाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा मुद्दा. बायबल विकत घेताना प्रथम त्याची अनुक्रमणिका उघडावी. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके असतात, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. तोबित, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके, तसेच एस्तेर व दानीएल यांतील काही भाग, एवढा हा फरक आहे. ही पुस्तके ख्रिस्तपूर्व काळापासून ग्रीक भाषिक यहुद्यांत प्रचलित असलेल्या ग्रीक जुन्या करारातून आपल्याकडे आली. १५४६ साली ट्रेंटच्या महासभेने त्यांचे स्थान निश्चित शब्दांत घोषित केले. प्रॉटेस्टंट बंधूंनी हिब्रू संग्रहाला प्रमाण मानले. तरीही १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात ही पुस्तके वेगळ्या विभागात छापलेली होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

हा फरक केवळ पंडितांच्या वादाचा नाही. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा आपला प्रघात मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाचा आधार घेतो. आणखी एक उदाहरण अधिक निकडीचे आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून 'विश्वास असेल तर औषध कशाला?' असे विचारणारी आणि आपल्या म्हणण्याला बायबलातले एखादे वचन जोडणारी माणसे आजही भेटतात. अशा वेळी बेन सिराखचा अडतिसावा अध्याय काढावा. वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे. औषधी देवानेच भूमीतून उत्पन्न केल्या आहेत आणि शहाण्याने त्यांचा अव्हेर करू नये. प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असा त्याचा आशय आहे. ज्या घरच्या बायबलात हे पुस्तकच नाही, त्या घराला ऐन प्रसंगी हे उत्तर सापडणार कसे?

याचा अर्थ ६६ पुस्तकांचे बायबल वाचू नये, असा मात्र नव्हे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने पवित्र शास्त्राची वाट सर्व श्रद्धावंतांना मोकळी असावी असे सांगितले, आणि इतर ख्रिस्ती बंधूंच्या सहकार्याने केलेले अनुवादही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास मुभा दिली. इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांसाठी १९६६ सालचे जेरुसलेम बायबल, किंवा त्याच वर्षी निघालेली रिव्हाइज्ड स्टँडर्ड अनुवादाची कॅथलिक आवृत्ती, अभ्यासाला उत्तम आहे. कॅथलिक आवृत्तीच्या आरंभी धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा छापलेली असते, तीही पाहावी.

अनुवाद निवडल्यावर साहाय्यक साधनांचा विचार येतो. त्यांत पहिली म्हणजे प्रत्येक पुस्तकाची प्रस्तावना आणि तळटीप. शुभवर्तमानात येशूच्या 'भावां'चा उल्लेख येतो, तेव्हा वाचक गोंधळतो. आपण मराठी माणसे चुलतभावाला आणि मामेभावालाही सहज 'माझा भाऊ' म्हणतो. हिब्रू आणि अरामी भाषांतही 'भाऊ' हा शब्द असाच व्यापक होता. चांगली टीप एवढे दोन ओळींत सांगते. दुसरे साधन म्हणजे समांतर संदर्भ. लूकच्या चौदाव्या अध्यायात आईबापांचा 'द्वेष' करण्याची भाषा येते आणि वाचक दचकतो. समांतर संदर्भ त्याला मत्तयाच्या दहाव्या अध्यायाकडे नेतो. तेथे आईबापांवर प्रभूहून अधिक प्रीती करू नये, असा अर्थ स्पष्ट होतो. कमी प्रीतीला द्वेष म्हणणे ही सेमिटिक भाषांची धाटणी होय.

तिसरे साधन शब्दसूची. एखादा शब्द बायबलात कोठे कोठे आला आहे, ते ती दाखवते. चौथे म्हणजे नकाशा आणि बायबलचा कोश. येरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट किती खोल उतरते, हे नकाशावर पाहिल्याखेरीज चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत पुरता उमगत नाही. हल्ली ही साधने मोबाइलवरही मिळतात. तेथेही अनुवाद कोणाचा आणि टीप कोणाची, हे पाहण्याची सवय ठेवावी. स्तोत्रे काढताना एक खूण लक्षात असावी. ग्रीक परंपरेत नववे आणि दहावे स्तोत्र एकच धरले आहे. म्हणून मेंढपाळाचे प्रसिद्ध स्तोत्र कोठे तेविसावे, तर जुन्या कॅथलिक पुस्तकांत बाविसावे असते. छपाईची चूक समजून पुस्तक परत करू नये.

मात्र साधन हे साधनच. आधी मूळ उतारा सावकाश, शक्य तर मोठ्याने, दोनदा वाचावा. मगच टीप पाहावी. टीप आधी वाचणारा वाचक दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो. आरंभ उत्पत्तीपासून करण्याचा हट्टही नसावा, कारण असे पुष्कळ उत्साही वाचक लेवीयच्या विधिनियमांत थांबतात ते कायमचे. सोळा अध्यायांचे मार्कचे शुभवर्तमान प्रथम घ्यावे, मग लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, आणि अधूनमधून स्तोत्रे. एकच वचन तोडून त्यावर मत बांधू नये. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातील आहे, आणि नव्या कराराच्या वचनांचे आजचे क्रमांक १५५१ साली पॅरिसचे मुद्रक रोबेर एस्तिएन यांनी घातले. क्रमांक म्हणजे घराचा पत्ता. पत्ता वाचून घरातली माणसे कळत नाहीत.

तेव्हा ज्या कुटुंबाला नव्याने आरंभ करावयाचा आहे, त्याने फार खर्चात पडू नये. सर्वांना समजेल असे एक मराठी बायबल, टिपांसह संपूर्ण ७३ पुस्तकांची एक आवृत्ती गुजराती किंवा इंग्रजीत, आणि एक साधा नकाशा, एवढे पुरे आहे. रात्रीच्या जेवणानंतर पाव तास ठरवावा, आणि वाचनाची पाळी घरातल्या सर्वांत लहान मुलावरही यावी. आज मराठी ऐकणारी आजी घरात आहे, तोवरच या वाचनाला मराठीचा कान आहे. तिने 'बुधला' म्हणजे काय ते नातवाला सांगावे आणि नातवाने नकाशावर यरीहो तिला दाखवावा, म्हणजे घरातील ग्रंथ कपाटात फार दिवस राहणार नाही.