सिस्टर मुख्यालयी राहत होत्या तेव्हा

धडगाव तालुक्यातल्या आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर मे अखेरीस निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणी आलेले नाही. शेजारच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांकडे 'अतिरिक्त कार्यभार' दिला आहे. दोन उपकेंद्रांच्या मध्ये डोंगर आहे आणि पावसाळ्यात तो ओलांडता येत नाही. जूनच्या तोंडावर असा आदेश काढणाऱ्यांचा मला संताप आला आहे.

जिल्हा होण्याआधीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आम्ही धुळे जिल्ह्यात होतो आणि धुळे लांब होते. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार वेगळा झाला. त्याच सुमारास सिस्टर आल्या, तेव्हा मी इथल्या आश्रमशाळेत शिकवत होतो. त्यापुढची दहा वर्षे मी कधी विसरणार नाही.

मूळच्या त्या सपाटीवरच्या, शहाद्याकडच्या. वर्षभरात पावरी बोलू लागल्या. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे हा नियम सगळ्यांनाच असतो, पण त्या खरोखर राहिल्या. नाले फुगून वाटा बंद होण्याआधी ओआरएसची पाकिटे, क्लोरोक्वीन, तापाच्या गोळ्या पाड्यापाड्यावर पोहोचवून ठेवत. नवसंजीवन योजनेतून पावसाळ्यापुरते पाडा स्वयंसेवक नेमले जायचे. त्या पोरांना त्यांनी जुलाब झालेल्या लेकराची कातडी चिमटीत धरून पाणी किती कमी झाले ते ओळखायला शिकवले. दायांची बैठक तर त्यांनी कधी चुकवली नाही. कोणाचे पाय सुजलेत, कोणाचे डोके ठणकते, कोणाचे आधीचे मूल अडले होते, हे सगळे दायांकडून कळायचे. मग त्या बाईला कळा सुरू होण्याआधीच धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात हलवायचे. नाहीतर झोळी. बांबूला गोधडी बांधायची, आळीपाळीने खांदा द्यायचा आणि डांबरी रस्ता येईपर्यंत चालायचे. सिस्टर झोळीशेजारून चालत. धडगावला जमले नाही तर नंदुरबार, तिथून धुळे किंवा सुरत. प्रत्येक टप्प्यावर तास जायचे, म्हणून निघायचे कधी हे ठरवणारे माणूस पाड्याजवळ असणे हाच खरा उपचार होता.

त्या काळातली एक गोष्ट अजून सलते. मूल दगावले की अहवालात लिहिले जायचे, 'रुग्ण उशिरा आणला', 'भगताकडे नेले'. अंधश्रद्धा म्हटले की वरचे सगळे मोकळे. भगताकडे लोक जात, कारण तो पाड्यातच राहायचा, रात्री उठायचा आणि त्यांची भाषा बोलायचा. सिस्टरही तसे वागू लागल्यावर तीच माणसे मध्यरात्री चुडी पेटवून त्यांच्या दारात उभी राहिली. ते अहवाल लिहिणाऱ्यांपैकी पायी पाड्यावर आलेला मी तरी पाहिला नाही.

आदिवासी डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, हा निकष मैदानातल्या पाच हजारांपेक्षा उदार वाटतो. पण आमचे तीन हजार लोक टेकडीटेकडीवर विखुरलेले आहेत. डोकी मोजण्यापेक्षा चालायला लागणारे तास मोजले असते, तर आमच्या वाट्याला कितीतरी जास्त उपकेंद्रे आली असती.

2005 नंतर ग्रामीण आरोग्य अभियान आले, आशाताई आल्या. त्यांनी जीव तोडून काम केले. पण बाळंतपण दवाखान्यातच, हा एकच घोष सुरू झाला आणि दायांच्या बैठका बंद पडल्या. सगळ्यात आधी धोका ओळखणारी बाईच साखळीतून गळाली. 2014 पासून 108 रुग्णवाहिका आहे. जिथे रस्ता आणि रेंज आहे तिथे तिने जीव वाचवले आहेत. पण 2021च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळली. एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालायला सुरुवात केली. ती वाचली नाही. नर्मदेकाठी सरदार सरोवराचे पाणी 2019 मध्ये 138.68 मीटरपर्यंत भरले आणि पाडे एकमेकांपासून आणखी तुटले. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे 2020 मध्ये स्वतः होडी वल्हवत गरोदर बायांपर्यंत आणि लेकरांपर्यंत जात होत्या. देशभर त्यांचे कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण असे वल्हवावे लागते, याची लाज कोणाला वाटली?

त्याच वर्षी नंदुरबारला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण महाविद्यालयापर्यंत पोहोचण्याआधीचे सगळे तास पाड्यावर आणि वाटेतच जातात. तिथे माणूस हवे. आमच्या आश्रमशाळेत शिकून एएनएम झालेल्या मुली आज सुरतेच्या खासगी दवाखान्यांत रात्रपाळ्या करतात. पावरी, भिलोरी त्यांच्या घरच्या भाषा आहेत. त्यांच्यातल्या दोघी-तिघींनी मला सांगितले आहे की कायम नोकरी आणि गळणार नाही अशी खोली मिळाली तर त्या उद्या परत येतील. जागा रिकामी आहे. ऑर्डर काढा.